रापणीचा दोर

डिसेंबरच्या सुट्टीत मुलांना घेऊन मालवणला गेलात, तर एक दिवस पहाटे उठून किनाऱ्यावर जा. नशीब असेल तर रापण ओढताना दिसेल. एक होडी लांबच लांब जाळं समुद्रात अर्धगोल सोडून परत येते आणि जाळ्याच्या दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरची माणसं ओढू लागतात. त्यात बायका असतात, म्हातारे असतात, पोरंही असतात. हे जाळं एकाच्या मालकीचं नसतं. वेगवेगळ्या घरांचे तुकडे जोडून ते एक केलेलं असतं. बांगडा, तारली, जे लागेल त्याचे वाटे होतात. दोराला हात लावणाराही रिकाम्या हाताने परतत नाही.

त्या दोराची गोष्ट तुम्हाला सांगायची आहे. कारण ‘समुद्र वाचवायचा की मच्छीमारांचं पोट भरायचं?’ असं कोणी विचारलं, की आपण लगेच एक बाजू निवडायला लागतो. मालवणचा इतिहास मात्र सांगतो, की हा प्रश्नच चुकीचा आहे.

रापणकार माशाच्या मागे खोल समुद्रात जाऊ शकत नाही. मासा किनाऱ्याशी आला, तरच त्याची चूल पेटते. स्वातंत्र्यानंतर सरकारने यांत्रिक नौकांना उत्तेजन दिलं. १९५३ मध्ये केरळात भारत-नॉर्वे प्रकल्प सुरू झाला, पुढे कोळंबीला परदेशात भाव मिळू लागला आणि तळ खरवडत जाणारे ट्रॉलर किनाऱ्याजवळ येऊ लागले. कोळंबीबरोबर माशांची पिल्लंही जाळ्यात येत. सत्तरच्या दशकात गोव्याचे रांपणकार याविरुद्ध रस्त्यावर उतरले. १९८० मध्ये गोवा आणि केरळने, तर १९८१ मध्ये महाराष्ट्राने सागरी मासेमारी नियमनाचा कायदा केला. किनाऱ्यालगतचं उथळ पाणी पारंपरिक मच्छीमारांसाठी राखायचं, हा त्याचा गाभा. खोली मोजायची ती वावेत. दोन्ही हात पसरले की होते ती एक वाव. म्हणजे कायद्याचं मापसुद्धा मच्छीमाराच्याच अंगाचं!

कायदा झाला, पण ट्रॉलर आत येतच राहिले. अशातच १९८७ मध्ये सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा सुमारे २९ चौरस किलोमीटरचा समुद्र सरकारने सागरी अभयारण्य म्हणून जाहीर केला. तिथे प्रवाळ आहेत, शैवाल आहे, शंख-शिंपले आहेत. जपण्यासारखं पुष्कळ आहे. पण ज्या गाबीत आणि इतर मच्छीमारांचं घर त्या पाण्यावर चालतं, त्यांना वाटलं, आता आपलीच होडी अडवणार. विरोध झाला आणि तो वर्षानुवर्षं चालला. गंमत पाहा: सरकार मच्छीमारांपासून समुद्र वाचवायला निघालं होतं आणि तेच मच्छीमार मोठ्या बोटींपासून समुद्र वाचवा म्हणून सरकारचं दार ठोठावत होते.

पुढे पर्ससीन जाळी आली. माशांचा अख्खा थवा वेढून उचलणारी ही जाळी. मग रात्री एलईडीचा झोत टाकून मासे गोळा करणं सुरू झालं. मच्छीमारांनी मोर्चे काढले, निवेदनं दिली. २०१६ मध्ये राज्याने पर्ससीनवर हंगामाचं आणि संख्येचं बंधन घातलं. २०१७ मध्ये केंद्राने एलईडी मासेमारीवर बंदी आणली. २०२१ मध्ये राज्याच्या कायद्यातला दंड लाखांत गेला. समुद्र जपणारे हे नियम मच्छीमारांच्या रेट्यामुळे झाले, हे विसरू नका. अंमलबजावणी अजून अपुरी आहे आणि भांडण मिटलेलं नाही.

जिथे मच्छीमाराला सोबत घेतलं, तिथे गोष्टी जमल्या. सिंधुदुर्गात ट्रॉलरच्या जाळ्याच्या शेवटच्या पिशवीला चौकोनी आस वापरून पाहिली. नेहमीची आस ओढताना मिटते, चौकोनी उघडी राहते आणि पिल्लं निसटतात. २०१८ पासून राज्यात आणखी एक सोय आहे: जाळ्यात कासव किंवा देवमासा अडकला आणि मच्छीमाराने जाळं फाडून त्याला सोडलं, तर २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. जाळं म्हणजे त्याचं भांडवल. ते फाडायला सांगायचं, तर नुकसान सगळ्यांनी मिळून सोसायला हवं.

आणि जून-जुलैची ६१ दिवसांची मासेमारी बंदी? ती तर आपल्या आजी-पणजीलाही कळली असती. पावसाळ्यात होड्या वर ओढायच्या, नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण करून पुन्हा दर्यात लोटायच्या, ही रीत कायद्याच्या कितीतरी आधीची.

आता तुमच्या-माझ्या वाट्याचं काम. पापलेट २०२३ पासून महाराष्ट्राचा राज्यमासा आहे आणि साडेतेरा सेंटीमीटरहून लहान पापलेट पकडायला राज्यात मनाई आहे. गावी गेल्यावर बाजारात तळहाताएवढं पापलेट स्वस्त मिळालं, तरी घेऊ नका. मुलांना कारण सांगा. आणि किनाऱ्यावर रापण दिसली, तर त्यांना दोर धरू द्या.