कार्तिकातले कागद

चिक्कडपल्ली म्हटलं की मराठी माणसाला चिखल आठवतो आणि तेलुगू माणसाला चिक्कुडु, म्हणजे घेवडा. मला दोन्ही पटतं, कारण आमच्या घरामागच्या चार हात जागेत पावसाळाभर चिखल असायचा आणि त्याच चिखलावर घेवड्याचा वेल चढायचा. शेजारच्या बागलिंगमपल्लीच्या नावात तर बाग उघडच बसलेली आहे. आज दोन्हीकडे चार-चार मजले उभे आहेत नि बाग कुंड्यांत आली आहे. पण त्या चार हात जागेची वही माझ्याकडे आहे. वही कसली, वह्या आहेत, अकरा. माझ्या आजेसासूबाईंच्या. दुकानाच्या जुन्या खतावणीतली कोरी राहिलेली पानं त्या शिवून घेत आणि त्यावर बोरूने, पुढे शिसपेन्सिलीने लिहीत.

काय लिहीत? कोणत्या तिथीला काय उगवलं, कशाला फूल धरलं, कोणत्या शेंगेत अळी निघाली. पालेभाजी कधी सोडली, कधी धरली. पीठ कोणत्या दिवशी दळलं. आपल्या बायकांना याचं कारण सांगायला नको, पण सुना-नातींसाठी सांगते. दिगंबर घरांत पिठाची मर्यादा हिवाळ्यात ७ दिवस, उन्हाळ्यात ५ आणि पावसाळ्यात ३. म्हणजे ऋतू बदलला की डब्यावरची तारीख बदलते. चौमासात पालेभाजी बंद, कारण पानामागे जीव असतो आणि तो डोळ्यांना दिसेलच असं नाही. आचारांगसूत्रात वनस्पतीची माणसाशी तुलना आहे. तीही जन्मते, वाढते, तोडली की कोमेजते. हे एकदा मनात बसलं की बागेची वही हा छंद राहत नाही. ज्या जिवांना आपण हात लावला त्यांचा तो हिशोब होतो.

दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र' १९५६ साली आलं. महिन्या-महिन्याने निसर्ग पाहणारं ते पुस्तक मी पुष्कळदा वाचलं आहे. आजेसासूबाईंनी ते पाहिलं असणं शक्य नाही. दुर्गाबाई फुलाकडे आनंदाने बघतात. आमच्या आजी फुलाकडे जरा धास्तीने बघत. पण बारकाईने बघणं दोघींचं सारखंच.

ही धास्ती सर्वांत जास्त दिसते ती भाद्रपद अमावास्येच्या सुमाराला. त्या दिवशी तेलंगणात बतुकम्मा बसते आणि दुर्गाष्टमीपर्यंत नऊ दिवस गल्लीतल्या बायका टोपल्या भरभरून फुलं आणतात. तंगेडु म्हणजे आपला पिवळा तरवड, गुनुगु म्हणजे कुरडू, बंती म्हणजे झेंडू, चामंती म्हणजे शेवंती. ताटात गोल थर रचत शिखर करायचं, भोवती फेर धरून गाणी म्हणायची, आणि शेवटच्या दिवशी ती पाण्यात सोडायची. आमच्या भागातल्या बायका हुसेनसागराकडे जातात. भोंडला-हादग्यात वाढलेल्या मराठी मुलीला हे सगळं माहेरचंच वाटतं. २०१४ साली नवं राज्य झालं तेव्हा बतुकम्मा राज्याचा सण ठरली आणि तंगेडु राज्याचं फूल. त्याच्या कितीतरी आधी आमच्या वहीत ती 'बत्कम्मा' या नावाने दरवर्षी येते.

आता पंचाईत अशी, की शेजारणी बोलवायला येणार आणि जैन घरातली बाई टोपलीभर फुलं तोडून नेणार कशी? पूजेत फूल वाहावं की वाहू नये हा आपल्यातला जुना वाद आहे. तेरापंथी फुलाच्या जागी केशराने रंगवलेले तांदूळ वाहतात. महाराष्ट्र-कर्नाटकातल्या बीसपंथी घरांत फूल चालतं. आमचं घर फूल वाहणाऱ्यांतलं. तरी पूजेला चार फुलं वेगळी आणि थरावर थर वेगळे. आजींनी त्यातून जी वाट काढली ती वहीत एका ओळीत आहे: पिवळा ताव दोन, पांढरा एक, खळ. म्हणजे पतंगाच्या कागदाची फुलं. शेजारणी कुरडूचे पांढरे तुरे तरी रंगात बुडवूनच घेत, तेव्हा फुलाला रंग देणं तिथे नवं नव्हतं. आजींच्या ताटात खरी फुलं वेलीखाली गळून पडलेली तेवढी, बाकी कागद. कुणी नाक मुरडलं असेल तर वहीत नाही. दुसऱ्या वर्षीच्या पानावर मात्र तावांची संख्या वाढलेली आहे आणि पुढे दोन तेलुगू बायकांची नावं. त्यांनाही करून दिली असावीत.

खळीबद्दल एक. मैद्याची खळ त्या लागेल तेवढीच करत आणि त्याच दिवशी संपवत. शिळी खळ आंबते, तिच्यात जीव पडतो. कागदकाम करताना एवढा विचार मी दुसऱ्या कुणाच्या घरी पाहिला नाही.

पुढे दिवाळीचा आकाशकंदील. बांबूच्या कामट्या, ताव, शेपट्या, सगळं चारचौघांसारखंच. पण आमच्याकडे कंदिलाचा कागद शोभेसाठी नव्हता. पाऊस संपतासंपता दिव्यावर किडे झेप घेतात ते तुम्ही पाहिलं असेल. उघडी ज्योत रात्री ठेवायची नाही, म्हणून दिव्याभोवती कागद. महावीरांचं निर्वाण दिवाळीच्या अमावास्येच्या पहाटेचं. ज्ञानाचा दिवा गेला म्हणून राजांनी तेलाचे दिवे लावले, असं कल्पसूत्र सांगतं. त्या दिव्यावर पतंग जळावेत हे कुणा जैन बाईला पटेल?

आणि दिवाळीनंतर पाचव्या दिवशी ज्ञानपंचमी. ही आमच्यात नव्हती, मी ती शेजारच्या मारवाडी काकूंकडून शिकले. श्वेतांबर मंडळी कार्तिक शुद्ध पंचमीला ग्रंथभांडारं उघडतात. पावसाळाभर बंद असलेल्या पोथ्या बाहेर काढायच्या, धूळ झटकायची, वारा द्यायचा, कसर लागली का पाहायचं, नवं वेष्टन घालायचं. आपली दिगंबरांची श्रुतपंचमी ज्येष्ठात येते. मला यात मोठं शहाणपण दिसतं. एका पंथाने पोथी पावसाच्या आधी पाहिली, दुसऱ्याने पाऊस गेल्यावर. दोन्ही घरच्या बायकांनी एकमेकींचा सण घेतला असता तर पुष्कळ कागद वाचला असता!

हे कागद यायचे कुठून? आपल्या निजामाच्या राज्यातच दौलताबादेजवळ कागजीपुरा आहे. मोहम्मद तुघलकाने १३२७ साली राजधानी देवगिरीला हलवली तेव्हा कागद करणारेही आले, असं तिथले लोक सांगतात. चिंध्यांचा लगदा, त्याचे ताव, मग खळ लावून गुळगुळीत दगडाने घोटायचं, म्हणजे शाई फुटत नाही. शरदाचं कोरडं ऊन या कामाला मानवतं आणि पोथीला वारा द्यायलाही. पर्युषणानंतरची पत्रंही याच दिवसांतली. पूर्वी गावचा संघ साधूंना लांबच लांब गुंडाळीचं विज्ञप्तिपत्र पाठवी, क्षमा मागायला आणि पुढच्या चौमासाचं आमंत्रण द्यायला. आग्र्याहून १६१० साली विजयसेनसूरींना गेलेलं असं पत्र शालिवाहन या चित्रकाराने रंगवलं होतं. त्यात जहांगिराचा दरबार आहे आणि पर्युषणात हिंसा बंद ठेवण्याच्या फर्मानाची हकिगत. आपल्या लहानपणी त्याचं पोस्टकार्ड झालं. क्षमा मात्र तीच.

या सगळ्या कागदात बायका कुठे आहेत? बघायला गेलं तर सगळीकडे. दहाव्या शतकात अत्तिमब्बेने पोन्नाच्या शांतिपुराणाच्या हजार ताडपत्री प्रती करवून वाटल्या. गुजरातेतल्या कितीतरी पोथ्यांच्या शेवटी अमुक बाईच्या वाचनासाठी लिहिली असा उल्लेख असतो. आणि मूडबिद्रीची गोष्ट तर प्रत्येक जैन मुलीला सांगावी अशी आहे. षट्खंडागमाची धवला टीका तिथे ताडपत्रांवर होती, आणि शतकानुशतकं लोकांना तिचं फक्त दर्शन मिळत होतं, वाचायला नाही. सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद आणि मुंबईचे शेठ माणिकचंद यांच्या खटपटीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नक्कल सुरू झाली. ते काम करणाऱ्या गजपती शास्त्रींनी घरी गुपचूप आणखी एक प्रत उतरवली, आणि त्यात त्यांच्या विदुषी पत्नी लक्ष्मीबाई सहभागी होत्या. तीच प्रत बाहेर पडली. तिच्या आधारे पुढे ग्रंथ पसरला आणि १९३९ साली अमरावतीहून डॉ. हिरालाल जैन यांनी पहिला खंड छापला. नवऱ्याने गुपचूप नक्कल केली ती बरोबर की चूक यावर पंडित भांडोत. रात्री दिव्याजवळ बसून कुणी तरी पान धरलं होतं, आणि ती बाई होती, एवढं मी लक्षात ठेवते.

म्हणून आजेसासूबाईंच्या वह्या एका ग्रंथभांडारात द्याव्यात असं मला वाटलं. तिथल्या व्यवस्थापकांनी दोन पानं उलटली. भाजीपाल्याचा हिशोब आहे ताई, यात शास्त्र काय आहे, म्हणाले. मी म्हटलं, पीठ तीन दिवसांचं की पाच दिवसांचं हे शास्त्रात लिहिलंय, पण ते या शहरात, या हवेत, एका बाईने तीस वर्षं कसं पाळलं ते कुठे लिहिलंय? त्यांनी हसून चहा मागवला. सूर्यास्त व्हायला आला होता, मी घेतला नाही.

आता त्या वह्यांतलं एकच पान सांगते. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्य मोडलं. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, तेलंगण आंध्रात, कानडी जिल्हे म्हैसुरात. ती दिवाळीचीच वेळ होती. अमावास्या दुसऱ्या दिवशी. आमची भावकी सगळी लातूर-नांदेडकडे, आम्ही इथे चिक्कडपल्लीत. एका रात्रीत माहेर परराज्यात गेलं. त्या तारखेच्या पानावर काय असेल म्हणून मी उत्सुकतेने पान काढलं. लिहिलंय: शेवंती पाच कळ्या. कंदिलाला पांढरा ताव. मेथी पेरली. त्याखाली, वेगळ्या शाईने, बहुधा नंतर कधी तरी: लातूरचं पत्र नाही.

यापुढे दोन-अडीच महिने रोज काही ना काही नोंद आहे, आणि प्रत्येक आठवड्याला ते तीन शब्द परत येतात. मग एका शुद्ध पक्षात 'पत्र आलं' आणि त्याच ओळीत 'मेथी संपली'. इतिहासाची पुस्तकं राज्यपुनर्रचनेवर पुष्कळ आहेत, मी वाचली आहेत. मेथी उगवून खाऊन संपेपर्यंत बाईने पत्राची वाट पाहिली, हे मला तरी त्यांत सापडलं नाही.

गेल्या ज्ञानपंचमीला मी अकराही वह्या गच्चीवर काढल्या. दोन वह्यांच्या कडा कसरीने खाल्ल्या आहेत. मारून टाकणारी औषधं वापरायची नाहीत, म्हणून जुन्या पद्धतीने वेखंडाचे तुकडे आणि सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला. वेष्टनाला लाल मांजरपाट. नात मोबाइलवर एकेका पानाचा फोटो घेते आणि मी मजकूर वाचून सांगते, ती टाइप करते. चार वह्या झाल्या.

वाचताना अडतं ते पालेभाज्यांच्या नावांवर. आजींनी पहिली काही वर्षं माठ, अंबाडी, चुका, मायाळू असं लिहिलं. मग भाजीवालीच्या तोंडून ऐकून तोटकुरा, गोंगुरा, चुक्ककुरा, बच्चलीकुरा. कोणत्या वर्षी कोणता शब्द बदलला ते पानांवरून कळतं. अंबाडीची गोंगुरा सगळ्यांत आधी झाली, मायाळू सगळ्यांत शेवटी. एक नाव मात्र लागत नाही. कार्तिकात तीन वर्षं येतं, अक्षर पुसट आहे, शेवटी 'कुरा' स्पष्ट दिसतं आणि पुढे 'कडवट, मुलांनी खाल्ली नाही'. फोटो घेऊन मी आमच्या कोपऱ्यावरच्या भाजीवालीकडे गेले. तिला वाचता येत नाही. मी तीन-चार तऱ्हांनी उच्चार करून दाखवला. ती म्हणाली, अम्मा, माझ्या सासूला विचारते, ती बुधवारी येते.