बोथची दिंडं

गेल्या वर्षी माझ्या भाच्याने तैवानहून एक फोटो पाठवला. तो शिंचू या गावी शिकायला आहे. फोटोत एक अरुंद दुकान. चार टेबले, दाराशी बांबूच्या चाळण्यांची उतरंड, तिच्यातून निघणारी वाफ. मागच्या टेबलावर एक म्हातारी पारी लाटते आहे, दुसरी बाई (बहुधा तिची लेक) सारण भरून मिटते आहे आणि त्याच टेबलाच्या टोकाला एक शाळकरी पोर गृहपाठ करत बसले आहे. खाली भाच्याने लिहिले होते, "मामा, हे आपले मोदकच. आत डुकराचे मांस आहे तेवढे आजीला सांगू नकोस."

तैवानला मी कधी गेलेलो नाही, जाईन असेही वाटत नाही. पण तो फोटो पाहून मला हे दुकान ओळखीचे वाटले. मग आठवले, बोथ!

बोथ म्हणजे कुठे, असे बहुतेक गोवेकर विचारतील. तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यातले तालुक्याचे जुने गाव. आजूबाजूला कापसाची शेते, सागाचे जंगल, गोंडांच्या वाड्या आणि पावसाळ्यात पाहावा असा पोचेरा धबधबा. तिथे तेलुगू चालते, गोंडी चालते, उर्दू चालते आणि मराठीही चालते. मी २०१८ सालच्या ऑगस्टमध्ये तिथे गेलो तो धबधबा पाहायला नव्हे. माझ्या मावसबहिणीचे सासर किनवटचे. तिच्या सासऱ्यांच्या पश्चात वाटणी निघाली आणि एका तुकड्याचा जुना कागद मिळेना. शेत इस्लापूरकडे, म्हणजे आज नांदेड जिल्ह्यात. पण जो फाटका कागद हाती होता त्यावर जिल्हा आदिलाबाद, तालुका बोथ! मी सरकारी कचेरीत कारकून, तेव्हा कागदाचे काम निघाले की नातेवाईकांना माझी आठवण होते. रजा टाकून गेलो.

१४ तारखेला अर्ज दिला. १५ ला स्वातंत्र्यदिनाची सुट्टी. त्यामुळे एक अख्खा दिवस बोथमध्ये काढायचा होता. आणि त्याच दिवशी, बुधवारी, नागपंचमी होती.

सकाळपासून मन घरी होते. आमच्याकडे नागपंचमीला पातोळ्या. हळदीच्या पानावर तांदळाचे वाटण पसरायचे, वर खोबरे-गुळाचे चून, पान दुमडायचे आणि उकडायचे. त्या वर्षी तर योग असा की १५ ऑगस्ट हा शेजारच्या ख्रिस्ती घरांतही पातोळ्यांचा दिवस, मारियेच्या स्वर्गारोहणाचे फेस्त. म्हणजे आमच्या वाड्यावर दोन्ही धर्मांच्या चुलींवर एकाच दिवशी हळदीच्या पानांचा वास दरवळत असणार, आणि मी बोथच्या बस स्टँडवर जेवायचे कुठे ते शोधतो आहे.

पानवाल्याने एका मेसची वाट दाखवली. तेलंगणात घरगुती खाणावळीला मेस म्हणतात. पाटी तेलुगूत. आत चार टेबले, आणि एका टेबलावर वर्तमानपत्र पसरून एक आजी पुरणाच्या गोळ्या करत बसलेली. शेजारी तिची सून. मी भात-वरण मिळेल का विचारले. आजी म्हणाली, "आज नाही भेटत. पंचमी हाय. चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा ठेवायचा नाही. दिंडं हायेत."

खाणावळवाल्या बाईने गिऱ्हाइकासमोर असे ठणकावून सांगावे याची मला गंमत वाटली. धंदा आहे, पण घर आधी. पाच मिनिटांत ताटात दोन दिंडं आली. कणकेची पुरी, मध्ये पुरण, चारी बाजूंनी पाकिटासारखी मिटलेली आणि उकडलेली. वर तूप. बाजूला सुनेने न विचारता दोन कुडुमुलु ठेवले. सून तेलुगू, तिच्या माहेरचा हा प्रकार. तांदळाच्या कण्या, त्यात हरभऱ्याची डाळ, मुठीत दाबून उकडलेले. सासूचे गव्हाचे, सुनेचे तांदळाचे, एकाच पातेल्यातल्या वाफेवर.

"कुठून आले तुम्ही?" आजीने विचारले.

"गोव्याहून."

"तिथं बी मराठी बोलतेत?"

हा प्रश्न गोव्याच्या मराठी माणसाला नवा नाही. पुण्यात विचारला की माझ्या कपाळाची शीर उठते. इथे मात्र मला उत्तरच सुचेना. आजी स्वतःच हसून म्हणाली, "आमाला बी असंच इचारतेत. नांदेडला गेलं की."

तिचे माहेर इस्लापूरकडचे. तिचे लग्न झाले तेव्हा माहेर एका राज्यात आणि सासर दुसऱ्यात पडून बरीच वर्षे झाली होती. पण तिच्या आईच्या लग्नात सगळा एकच तालुका होता.

हे कसे घडले ते इथे सांगायला हवे. आदिलाबाद हा निजामाच्या मुलखातला जिल्हा. १९०५ साली त्याला पूर्ण जिल्ह्याचा दर्जा मिळाला. १९४८ च्या सप्टेंबरात पोलीस कारवाई झाली आणि हैदराबाद संस्थान भारतात आले. पुढे राज्य पुनर्रचना आयोग नेमला गेला, १९५५ मध्ये त्याचा अहवाल आला आणि १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. मराठी भाग मुंबई राज्यात, कानडी भाग म्हैसूरमध्ये, तेलुगू भाग आंध्र प्रदेशात. शाळेच्या पुस्तकात एवढेच असते. कायदा काढून वाचला (कारकुनाचा छंद, दुसरे काय) तर तिथे जिल्हे कापलेले नाहीत, सर्कली कापलेल्या आहेत. आदिलाबाद जिल्हा आंध्रात गेला, पण किनवट तालुका, राजुरा तालुका आणि बोथ तालुक्यातली इस्लापूर सर्कल वगळून. उलट नांदेड जिल्ह्यातल्या मुधोळ, भैसा आणि कुबेर या सर्कली आंध्रात गेल्या. आपण नांदेडहून ज्या बासरच्या सरस्वतीला मुलांची पाटी पुजायला नेतो, ती याच मुधोळ भागातली.

म्हणजे बोथ तालुक्याचा एक तुकडा मराठी ठरून मुंबई राज्यात आणि पुढे १९६० साली महाराष्ट्रात गेला. खुद्द बोथ तेलुगू ठरून मागे राहिला. सर्कल म्हणजे महसूल खात्याची काही गावांची मोट. ती मुळात शेतसारा गोळा करायच्या सोयीसाठी बांधलेली. त्या मोटेवरून भाषेची हद्द ठरली. हद्द कुठेतरी आखावी लागतेच, आणि आखणाऱ्यांनी मुद्दाम वाईट केले असे मी म्हणणार नाही. पण घरातल्या बोलण्याची मोजणी सर्कलवार होत नाही.

आम्हा गोवेकरांना निदान विचारले तरी. १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल. विलीनीकरणाच्या विरोधात १,७२,१९१ आणि बाजूने १,३८,१७० मते. त्या निकालाबद्दल आपापल्या घरांत अजून भांडणे होतात, मीही केली आहेत. पण आपण मत दिले आणि हरलो किंवा जिंकलो. बोथच्या माणसाला कुणी कागद-पेटी दाखवली नाही. त्याच्या वाट्याला कायद्यातला "वगळून" हा एक शब्द आला.

आता भाच्याच्या फोटोकडे परत येतो. तैवान हे मुळात भात खाणारे बेट. तिथे गव्हाच्या पारीचे एवढे प्रस्थ कसे? चीनमधल्या यादवी युद्धात हरलेले चँग कै-शेकचे सरकार १९४९ मध्ये तैवानला आले, मागोमाग लाखो सैनिक आणि त्यांची कुटुंबे. त्यांतले पुष्कळ उत्तरेकडच्या गहू खाणाऱ्या प्रांतांतले. चार-दोन वर्षांत परत जाऊ असे समजून आले होते. जाता आले नाही. सैनिकी वसाहतींत राहिले आणि घरची आठवण म्हणून पीठ मळू लागले. पीठही मिळू लागले होते. अमेरिकेची मदत १९६५ पर्यंत तैवानला येत होती आणि तिच्यात गहू असे. (आपल्याकडेही पीएल-४८० चा गहू १९५६ नंतर याच वाटेने आला. रेशनच्या रांगेत उभे राहिलेल्या पिढीला तो आठवत असेल.) पेन्शन अपुरी पडली तेव्हा घरचा ओटाच दुकान झाला. यांग बिंग्यी या शान्शी प्रांतातून आलेल्या माणसाने १९५८ मध्ये तायपैत खाद्यतेलाचे दुकान काढले. डब्यातल्या तेलाने धंदा बसला तेव्हा १९७२ मध्ये तिथेच उकडलेले शियाओलाँगबाओ विकायला सुरुवात केली. ते दिन ताय फुंग आज जगभर पसरले आहे. त्यांच्या पारीला १८ चुण्या असतात म्हणे. आमची आई मोदकाला किती पाकळ्या आल्या ते मोजते आणि कमी आल्या तर पिठाला दोष देते.

त्या माणसांना मुख्यभूमीवरच्या नातलगांना भेटायला जायची परवानगी १९८७ च्या नोव्हेंबरात मिळाली. ३८ वर्षांनी. बोथ आणि इस्लापूर यांच्यामध्ये तसा पहारा नाही, एसटी जाते, लग्ने होतात. दोन्हींची बरोबरी करण्यात अर्थ नाही. पण हद्दीच्या चुकीच्या बाजूला राहिलेल्या बाईच्या हातात जे उरते ते पीठ आणि मिटण्याची रीत, आणि त्यावर ती चार टेबले मांडते, हे मला दोन्हीकडे सारखे दिसते. मुंबईच्या गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायांचेही तेच. परमुलखातून एकट्या आलेल्या कामगारांना घरचे जेवण घालून त्यांनी संसार चालवले, आणि त्यांना १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणणाऱ्या प्रेमाताई पुरव गोव्याच्या, मुक्तिलढ्यातल्या.

वाफेबद्दल एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. चिनी यात्रेकरू ह्यूएनत्संग सातव्या शतकात, दुसऱ्या पुलकेशीच्या काळात, महाराष्ट्रात येऊन गेला. त्याने लिहून ठेवले आहे की भारतातले लोक हंड्या-कढया वापरतात, पण वाफवायचे भांडे त्यांना ठाऊक नाही. बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लासा'त मात्र तांदळाच्या पिठात गोड सारण भरून केलेले, गारांसारखे दिसणारे वर्षोपलगोलक आहेत. तो चालुक्य राजा सोमेश्वराचा ग्रंथ, कल्याणीचा, म्हणजे पुढे निजामाच्याच मुलखात गेलेल्या गावचा. मला वाटते, ह्यूएनत्संगाने शोधले ते खास भांडे. आजीकडेही ते नव्हते. पातेल्यात पाणी, तोंडाला बांधलेले धुतलेल्या धोतराचे फडके, वर परात. आमच्याकडे पातोळ्यांना मोदकपात्र लागते, ख्रिस्ती शेजारीण कोंफ्रो वापरते. आजीचे फडक्यावर भागते. असे फडके पाहुण्याला दिसत नाही.

मी चार दिंडं खाल्ली. पुरणात जायफळ जरा जास्त होते, आणि कुडुमुलु मला, खरे सांगायचे तर, कोरडे वाटले. पण सुनेने तिखट डाळ वाढली आणि मग तेही संपले. नातू शेजारच्या टेबलावर पाटीवर तेलुगू अक्षरे काढत होता आणि आजीशी मराठीत भांडत होता.

१६ ला कचेरी उघडली. दुपारी १९५४-५५ च्या खासऱ्याची नक्कल हाती आली. सगळी उर्दूत. बहिणीचे सासरे असते तर त्यांनी घडाघडा वाचली असती. आम्हाला किनवटला परत जाऊन एका निवृत्त मास्तरांना शोधावे लागले. त्यांनी चष्मा पुसून पहिली ओळ वाचली, जिल्हा आदिलाबाद, तालुका बोथ, आणि मग शेताचा नंबर. नंबर जुळला. आजीने बांधून दिलेली दोन दिंडं येताना बसमध्येच संपली होती.