जलदान, पिंडदान आणि पेतवत्थु

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातील बौद्ध वस्त्यांत निधनानंतर 'जलदान विधी व पुण्यानुमोदन' असा कार्यक्रम होतो. त्रिशरण-पंचशील, सुत्तपठण, आप्तांच्या हातून पाण्याची धार, दान आणि जमलेल्यांना भोजन, असे त्याचे सर्वसाधारण रूप. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे पूज्य बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांपैकी एकीने श्राद्ध व पिंडदान आपण कायमचे सोडले. मग हे जल कोणासाठी? तरुण हा प्रश्न विचारतात, तेव्हा 'प्रथा आहे' एवढे उत्तर देऊन भागणार नाही.

आपल्या वाडवडिलांच्या समजुती आधी ध्यानात घ्याव्यात. महाराष्ट्रातील अनेक जातींत मृत्यूच्या जागी पीठ पसरून त्यावर टोपली झाकीत आणि उमटलेल्या खुणांवरून मृत कोणत्या योनीत गेला हे ठरवीत. आजा वारल्यावर घरात मुलगा जन्मला की 'आजाच परत आला' म्हणून त्याचे नाव ठेवीत. पिंडाला कावळा शिवला नाही तर मृताची इच्छा अपुरी राहिली असे मानीत. या सर्वांच्या मुळाशी देहाबाहेर फिरणारा एक आत्मा गृहीत आहे.

पाली साहित्याला हा प्रश्न परका नव्हता. 'पेत' म्हणजे संस्कृत 'प्रेत', निघून गेलेला; पण पेतांच्या लोकाला 'पेत्तिविसय' म्हणतात आणि तेथे 'पितृ' शब्द डोकावतो. खुद्दकपाठ व पेतवत्थु या दोहोंत आलेल्या तिरोकुड्ड सुत्तात मृत आप्त भिंतींबाहेर, चव्हाट्यावर, दाराशी उभे आहेत. त्यांच्या लोकी शेती नाही, गोपालन नाही, व्यापार नाही. अट्ठकथेतील कथा अशी : राजा बिंबिसाराने तथागतांना भोजन दिले, परंतु दान पेतांना उद्देशून केले नाही, रात्री राजवाड्यात त्यांचा आक्रोश झाला. दुसऱ्या दिवशी राजाने आप्तांच्या नावे दक्षिणोदक सोडले, तेव्हा त्यांच्यासाठी कमळांनी भरलेली तळी निर्माण झाली. आपल्या जलदानाचे मूळ येथे शोधावे, तिलांजलीत नव्हे. अन्न गेले ते भिक्खुसंघाच्या पात्रात. पिंड कोठेही नाही.

अंगुत्तर निकायात जाणुस्सोणि ब्राह्मण विचारतो, श्राद्ध पितरांना पोहोचते काय? उत्तर असे की मृत पेत्तिविसयात असेल तरच. नरकात, पशुयोनीत, मनुष्यांत वा देवांत जन्मलेल्याचा आहार तेथलाच असतो. श्राद्धाचा सरसकट दावा येथेच मोडतो. संयुत्त निकायात असिबंधकपुत्त गामणीला दिलेला दृष्टान्त याहून कठोर आहे : खोल डोहात टाकलेली शिळा लोकांनी हात जोडून प्रार्थना केली म्हणून वर येईल काय? मृताची गती पुरोहिताच्या हाती नाही.

मग अनुमोदनाचा अर्थ काय? कथावत्थूत हा वाद आहे. येथे दिलेल्या वस्तूंवर तेथे निर्वाह होतो, हे मत अट्ठकथा राजगिरिक व सिद्धत्थिक या पंथांकडे लावते, आणि थेरवाद ते नाकारतो. दान पाहून जो आनंद मानतो त्याचे ते कुशल चित्त त्यालाच फलदायी होते. माझ्या मते आपल्या विधीचा गाभा हाच असावा. 'पुण्य पाठविणे' हा शब्दप्रयोग मनीऑर्डरीसारखा भासतो; तो टाळलेला बरा.

१९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या इंग्रजी मूळात बाबासाहेबांनी पुनर्जन्माचा प्रश्न दोन भागांत मांडला : पुनर्जन्म कशाचा आणि कोणाचा? देहातील चार महाभूते आपापल्या समूहात मिसळतात, परंतु तोच आत्मा तीच व्यक्ती होऊन परत येत नाही. या भूमिकेत टोपलीखालच्या पिठाला जागा उरत नाही. पेतवत्थूतील कथाही मग दानाला प्रवृत्त करणाऱ्या नीतिकथा म्हणून वाचाव्या लागतात.

मृतांचे स्मरण मात्र आपल्या भूमीत जुने आहे. भाजे येथे लेण्यांच्या रांगेतच १४ स्तूप एकत्र आहेत. काहींवर अंपिनिक, धम्मगिरि, संघदिन या थेरांची नावे कोरलेली आहेत. बेडसे येथे अरण्यवासी, पिंडपातिक गोभूतीचा स्तूप त्याच्या शिष्याने करविला. कान्हेरीतील विटांच्या स्तूपांच्या स्मशानातून थेरांची नावे देणारे लेख मिळाले; त्यांचा अभ्यास शोभना गोखले यांनी केला. भारहुत येथील संघरक्खिताचे दान आईवडिलांसाठी आहे, असे लेखच सांगतो.