‘गाडी उसळते’ म्हणजे नेमकं काय? मॉरिस ऑली आणि त्याची के-स्क्वेअर रिग

‘गाडी फार उसळते हो!’ ही तक्रार मोटारगाडीइतकीच जुनी आहे. स्पोर्ट्स कारच्या मालकाकडून ती जरा जास्तच ऐकू येते. स्प्रिंग बदलून बघ, शॉक ॲब्सॉर्बर बदलून बघ, टायरची हवा कमी करून बघ, असे प्रयोग चालू होतात आणि पैसे संपले तरी गाडी उसळतच राहते. कारण ‘उसळते’ ही एक भावना आहे. तिला एकक नाही.

पीएचडीच्या एंट्रन्सची तयारी करताना तुम्हालाही हाच अनुभव येतो. हातात विषय असतो, पण मोजता येईल असा प्रश्न नसतो. म्हणून आज एका तक्रारीचा प्रश्न कसा झाला, तो इतिहास पाहूया.

मॉरिस ऑली हा ब्रिटिश इंजिनिअर रोल्स-रॉइसचा माणूस. कंपनीचा एक कारखाना अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला होता आणि ऑली तिथे काम करत होता. इंग्लंडच्या रस्त्यांवर जी गाडी आरामदायी वाटायची, ती अमेरिकन रस्त्यांवर तशी वाटेना. मग डर्बीच्या मुख्य कारखान्यात इंजिनिअरांनी एक वरवर विचित्र काम केलं. अख्खी गाडी वरून टांगून झुलवली आणि झोक्याला लागणारा वेळ मोजला. वजनकाटा गाडीचं वजन सांगतो. पण ते वजन मध्यभागी गोळा झालंय की दोन टोकांना पसरलंय, हे झोका सांगतो. फिजिक्सवाल्यांनी ओळखलं असेल, हा मोमेंट ऑफ इनर्शिया.

१९३० मध्ये ऑली डेट्रॉइटला कॅडिलॅकमध्ये आला. महामंदीचा काळ, महागड्या गाड्यांना गिऱ्हाईक नाही. त्या वेळच्या गाडीला पुढे एकच सलग ॲक्सल असे. पुढच्या पाटा-स्प्रिंगा आखूड आणि कडक, मागच्या लांब आणि मऊ. मालक मागे बसतो, म्हणून मऊपणा मागे, असा साधा हिशोब. शिवाय पुढच्या स्प्रिंगा मऊ केल्या की चाकं थरथरायला लागायची. पुढे कडक, मागे मऊ हे इतकं रुळलं होतं की त्यावर कुणी शंका घेत नव्हतं.

याचं गणित मात्र आधीच झालेलं होतं. इंग्लंडमध्ये रॉवेल आणि गेस्ट यांनी १९२० च्या दशकात गाडीच्या दोन हालचाली वेगळ्या मांडल्या होत्या. पहिली ‘बाउन्स’: अख्खी गाडी वर-खाली होते. दुसरी ‘पिच’: नाक वर तेव्हा शेपूट खाली, सी-सॉसारखं. प्रवाशाच्या तोंडी दोन्हींना शब्द एकच, ‘उसळणं’. पण कारणं वेगळी आणि उपायही वेगळे. लिटरेचर रिव्ह्यू करताना हे लक्षात ठेवा: उत्तर छापील असू शकतं, पण ते आपल्या गाडीला लागू पडतं का, हे कुणीतरी करून बघावं लागतं.

ऑलीने ते करून पाहिलं. १९३२ च्या सुमाराला त्याने सात माणसं बसतील अशा लिमोझिनची ‘के-स्क्वेअर रिग’ बनवली. गाडीवर सरकवता येणारी वजनं बसवली. ती टोकांकडे नेली की इनर्शिया वाढतो, मध्ये आणली की कमी होतो. पुढच्या-मागच्या स्प्रिंगांचा मऊपणाही हवा तसा बदलता यायचा. म्हणजे गाडी तीच, रस्ता तोच, आणि एका वेळी बदलणारी गोष्ट एकच. आराम मोजायचं सर्वमान्य यंत्र नव्हतं, म्हणून माणसंच बसवून त्यांना विचारलं जायचं.

निष्कर्ष रूढ समजुतीच्या बरोबर उलटा निघाला. पुढच्या स्प्रिंगा मागच्यांपेक्षा मऊ केल्या की गाडी सपाट चालते!

का, ते आकड्यांत पाहू. समजा दोन ॲक्सलमधलं अंतर २.५९ मीटर आहे आणि वेग ताशी ५० किलोमीटर. पुढची चाकं स्पीड ब्रेकरवर चढली की मागची सुमारे ०.१९ सेकंदाने चढतात. दोन्हीकडची फ्रिक्वेन्सी १ हर्ट्झ असेल तर पुढचं टोक १ सेकंदात आवर्तन पूर्ण करतं आणि मागचं १.१९ सेकंदाला. दोघांचा मेळ बसत नाही आणि हा फरक पिच म्हणून जाणवतो. आता मागची फ्रिक्वेन्सी १.२ हर्ट्झ करा. मागच्या आवर्तनाला ०.८३ सेकंद लागतात. उशीर धरून १.०२ सेकंद. उशिरा निघालेलं मागचं टोक पुढच्याला गाठतं. पिचचं रूपांतर बाउन्समध्ये होतं आणि बाउन्स माणसाला तितका त्रास देत नाही.

पण मऊपणाला किंमत असते. १ हर्ट्झ हवं तर गाडीच्या वजनाने स्प्रिंग साधारण २५ सेंटीमीटर दबली पाहिजे. २ हर्ट्झला ६ सेंटीमीटर पुरतात. पुढे सलग ॲक्सल ठेवून इतका मऊपणा दिला की थरथर परत येणार. म्हणून प्रत्येक चाक स्वतंत्र करावं लागलं. १९३४ च्या मॉडेलांपासून जनरल मोटर्सच्या गाड्यांत पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन आलं. आरामाच्या तक्रारीचं उत्तर शोधता शोधता स्टिअरिंगचा प्रश्न समोर आला आणि दोन्ही एकत्र सोडवावे लागले.

आता स्पोर्ट्स कारकडे वळू. १९५३ च्या पहिल्या शेव्हरोले कॉर्व्हेटची चेसिसही याच ऑलीच्या देखरेखीखाली झाली. वरच्या उदाहरणातले २.५९ मीटर म्हणजे तिचाच व्हीलबेस, १०२ इंच. स्पोर्ट्स कारमध्ये गणित अवघड होतं. वळणावर गाडी झुकू नये म्हणून स्प्रिंगा कडक लागतात. समजा पुढे २ हर्ट्झ आहे आणि वेग ताशी १०० किलोमीटर. मागची चाकं ०.०९ सेकंदाने येतात. गाठायला मागे जवळजवळ २.५ हर्ट्झ हवेत, म्हणजे २० टक्क्यांहून जास्त फरक. त्याच वेगाला पुढे १ हर्ट्झ असतं तर १० टक्क्यांत भागलं असतं. त्यातून इंजिन मध्यभागी असेल तर वजन मध्ये गोळा होतं. गाडी चटकन वळते, पण पिचही तितकाच चटकन होतो. सी-सॉवर मुलं मध्याजवळ बसली की फळी भरभर हलते, तसंच. रेसिंग कारमध्ये डँपिंग इतकं जास्त ठेवतात की झोका एका आवर्तनाच्या आत विरतो, त्यामुळे तिथे ऑलीचा नियम मोडलेलाही दिसतो. नियम पाठ करण्यापेक्षा तो कुठल्या गृहीतकावर उभा आहे हे माहीत असणं जास्त उपयोगाचं, ते यासाठीच.

मग उसळणाऱ्या गाडीचं निदान कसं करायचं? पार्ट विकत घेण्याआधी चार प्रश्न विचारा.

१. वर-खाली होतंय की नाक-शेपूट? पुढच्या आणि मागच्या सीटवर बसून पाहा.

२. एका विशिष्ट वेगालाच होतं का? ताशी ७२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला २० मीटर. रस्त्यावर दर १० मीटरला सांधा असेल तर गाडीला २ हर्ट्झचे धक्के बसतात. गाडीची फ्रिक्वेन्सी तीच असेल तर हा रेझोनन्स. वेग बदलला की कमी होईल.

३. एका खड्ड्यानंतर गाडी किती वेळा हलते? दोन-तीनदा हलत राहिली तर आधी डँपर तपासा. स्प्रिंगेला हात लावू नका.

४. हालचाल सेकंदाला १०-१५ वेळा, थरथरल्यासारखी आहे का? मग गाडीची बॉडी नाही, चाकं उसळतायत. टायर आणि डँपर बघा.

या चारही प्रश्नांत ‘उसळणं’ हा शब्द मागे पडला आणि दिशा, वेग, वेळ, फ्रिक्वेन्सी असे मोजता येणारे शब्द आले.

तुमच्या प्रपोजलमधलं पहिलं वाक्य आज काढून बघा. त्यात ‘परिणामकारकता’, ‘गुणवत्ता’, ‘सुधारणा’ असा एखादा शब्द असेल, तर तो तुमचा ‘उसळते’ आहे. त्याखाली एक ओळ लिहा: मी काय सरकवणार, काय स्थिर ठेवणार आणि कुणाला विचारणार? इंटरव्ह्यूमध्ये पॅनल बहुतेक इथूनच सुरुवात करतं.