कल्याणचा लोहमार्ग : सायकलवरून पाहिलेला इतिहास

१६ एप्रिल १८५३ हा दिवस आपल्या मुलांना पाठ असतो. त्या दुपारी बोरीबंदरहून १४ डबे व सुमारे ४०० पाहुणे घेऊन पहिली आगगाडी तीन इंजिनांच्या जोरावर ठाण्यास आली. निघताना २१ तोफांची सलामी झडली. पुढे वर्षभराने, १ मे १८५४ रोजी, हाच मार्ग खाडी ओलांडून व डोंगर फोडून कल्याणास पोहोचला. तो दिवस मात्र फारसा कोणाच्या ध्यानात नाही. माझ्या मते खरे कष्ट ह्या दुसऱ्या टप्प्यात आहेत. आणि ते पाहावयाचे तर सायकलीसारखे वाहन नाही.

परदेशांत बंद पडलेल्या लोहमार्गाचे रूळ उचलून त्यावर सायकलवाट काढतात. न्यूझीलंडमधील ओटागो प्रांतात अशी दीडशे किलोमीटरची वाट २००० साली पुरी झाली. आगगाडीला चढ सोसत नाही, म्हणून तिची वाट सौम्य असते. म्हातारेकोतारेही तेथे मजेत सायकल चालवितात. आपल्याकडे तसे होणे नाही, कारण आपला मार्ग कधी निवृत्तच झाला नाही. तेव्हा आपण रुळांपासून दूर राहून शेजारच्या रस्त्याने जावे, हे उत्तम.

माझे शाळेतले शिक्षण सातवीत संपले. पुढचा इतिहास मी ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात बसून वाचला आणि उरलेला कामगारांच्या तोंडून ऐकला. गेल्या १ मे रोजी दोन निवृत्त कामगार सोबत्यांना घेऊन मी पहाटे ठाण्याहून निघालो.

पहिला मुक्काम कळव्याच्या पुलावर. येथे थांबून लोहमार्गाच्या पुलांकडे पाहावे. भरती-ओहोटीच्या खाडीत पायाचे काम ओहोटीच्या घटकेवरच चालणार, हे कोणा गवंड्याला शिकवावे लागत नाही. कमरेएवढ्या चिखलात उभ्या राहिलेल्या त्या माणसांचे कुठेही नाव नाही. मुख्य अभियंता जेम्स बर्कले याचे नाव ग्रंथांत आहे, आणि ते असावेही. तो कर्तबगार गृहस्थ होता. पण त्याने कागदावर ओढलेली रेघ जमिनीवर कोणी उतरविली?

पुढे मुंब्रा. एका अंगाला पारसिकचा डोंगर, दुसऱ्या अंगाला उल्हासची खाडी आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत लोहमार्ग. येथेच ह्या देशातील अगदी आरंभीचे आगगाडीचे बोगदे फोडले गेले. डायनामाइटचा शोध लागला १८६७ साली. म्हणजे मुंब्र्याचा काळा दगड फुटला तो पहार, घण आणि साधी सुरुंगाची दारू यांच्या बळावर. पुढे १९१६ साली पारसिकचा सव्वा किलोमीटरहून लांब बोगदा होऊन सरळ मार्ग निघाला. पण जुनी वळणाची वाट चालूच राहिली.

त्या वळणापाशी आम्ही तिघेही गप्प झालो. ९ जून २०२५ च्या सकाळी येथे दोन लोकल गाड्या एकमेकींशेजारून जात असता दारांत लटकलेले उतारू खाली पडले आणि निदान चौघे प्राणास मुकले. दोष वळणाला देऊन भागत नाही. २०२२ साली पाचवी-सहावी मार्गिका झाली, तरी कामावर वेळेत पोहोचण्यासाठी माणूस दारात लटकतोच. मार्ग बांधताना मजुराच्या जिवाचा हिशेब कोणी ठेवला नाही. आज त्याच मार्गाने जाणाऱ्या नोकरदाराचा हिशेब तरी नीट ठेवला जातो काय, हा प्रश्न आपण विचारला पाहिजे.

मुंब्र्यानंतर रस्ता रुळांची साथ सोडून शिळफाट्याकडे वळतो व डोंबिवलीजवळ पुन्हा भेटतो. ठाकुर्लीस रेल्वेच्या जुन्या वीजघराची जागा आहे. विजेच्या गाड्यांना येथे कोळसा जाळून वीज पुरविली जात असे; ते बंद पडून बरीच वर्षे झाली.

कल्याणास दुर्गाडीच्या पायथ्याशी खाडीचा वारा घ्यावा. १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण घेतले आणि मराठी आरमाराचा आरंभ ह्याच खाडीत झाला. पुढे याच कल्याणातून लोहमार्गाला दोन फाटे फुटले : बोरघाट १८६३ साली चढून झाला, थळघाट १८६५ साली. बोरघाटात १८५९ च्या जानेवारीत मजुरी थकल्यामुळे मजूर उठले होते. संघटना नाही, कायदा नाही, तरी घामाचे दाम मागण्याची बुद्धी त्यांना झाली. आमच्या चळवळीच्या पुस्तकांत त्यांना पहिल्या पानावर जागा मिळावयास हवी.

१ मे हा कामगारांचा दिवस. १९६० पासून तो महाराष्ट्राचाही दिवस झाला. कल्याणला गाडी पोहोचली तीही ह्याच तारखेला. हा योगायोग खरा, पण उपयोगी आहे. ठाणे, मुंब्रा व कल्याण येथे त्या अनाम मजुरांच्या नावे एकेक दगड बसवावा, अशी मागणी आपल्या नगरांनी करावी. तोवर, श्रोतेहो, येत्या १ मे रोजी पाण्याची बाटली भरून, ऊन चढण्यापूर्वी, मुलांना घेऊन ही वाट एकदा करा. वाटेत कळव्याला थांबून खाडीतल्या चिखलाकडे बोट दाखवावयास विसरू नका.