पवनीचा मुचलिंद

वैनगंगेच्या काठच्या पवनीला, तिच्या घाटांमुळे आणि देवळांमुळे, ‘विदर्भाची काशी’ म्हणतात. पण या काशीच्या पोटात आणखी एक जुने तीर्थ दडलेले होते. १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खाते यांच्या वतीने डॉ. शां. भा. देव व जगत्पती जोशी यांनी जगन्नाथ टेकडीवर उत्खनन केले. विटांचा भव्य स्तूप, प्रदक्षिणापथ, ब्राह्मी अक्षरे कोरलेले कठड्याचे दगड असे पुष्कळ काही उजेडात आले. त्या शिल्पांत पाच फणांचा एक नागराज आहे. कोणी ओळखण्यात चुकू नये म्हणून त्याचे नावही कोरलेले आहे. तो मुचलिंद.

त्याची कथा पाली ग्रंथांत आहे. संबोधीनंतर बुद्ध एका वृक्षाखाली बसले असता अकाली पाऊस आला, सात दिवस कोसळत राहिला. मुचलिंदाने त्यांच्या देहाभोवती सात वेटोळी घातली आणि मस्तकावर फणा धरली. पाऊस थांबवण्याच्या भानगडीत तो पडला नाही.

हा नागराज मला एकाएकी जवळचा वाटू लागला, त्याचे कारण शिल्पकलेच्या बाहेरचे आहे. सेहेचाळिसाव्या वर्षी डॉक्टरांनी मला सांगितले की, ज्याला मी जन्मभर आळस समजत आलो ती एडीएचडी नावाची अवस्था आहे. पैसे घरात असताना केवळ भरायचे राहिले म्हणून घरची वीज तोडली गेली होती. मुलीच्या फीची तारीख दोनदा हुकली होती. औषध लिहून देऊन डॉक्टर म्हणाले, “आता स्वतःपुरता एक आराखडा करून आणा.”

वैद्यकाला या दुखण्याची चाहूल तशी जुनीच. स्कॉटिश वैद्य अलेक्झांडर क्रायटन याने १७९८ साली अवधानाच्या अस्थिरतेवर लिहिले. १९०२ साली लंडनला जॉर्ज स्टिल याने अशा मुलांवर व्याख्याने दिली. मुलांवरच, हे लक्षात घ्यावे. ही मुले मोठी होऊन संसार करतात आणि त्यांतल्या पुष्कळांचे चित्त तसेच राहते, हे मान्य व्हायला विसावे शतक सरत आले.

भिक्षुसंघाला मात्र प्रौढांच्या चित्ताशीच गाठ होती. भटकणाऱ्या विचारांवर मज्झिमनिकायातील एका सुत्तात पाच उपाय सांगितले आहेत. पहिला सुताराचा : बारीक खुंटीने जाड खुंटी ठोकून बाहेर काढावी, तसा एका विचाराच्या जागी दुसरा आणावा. दात आवळून मनाने मनाला दडपणे हा उपाय अगदी शेवटचा. आमच्या घरी, शाळेत तो पहिला होता, आणि बहुधा एकुलता एक!

शिवाय संघाने सारा भार एकट्याच्या निश्चयावर टाकला नव्हता. पावसाळ्याचे तीन महिने एकाच ठिकाणी वास. दर पंधरवड्याला एकत्र जमून नियमांचे पठण. आणि वर्षावास संपताना प्रवारणा, म्हणजे ‘माझे काही चुकले असेल तर सांगा’ अशी इतरांना विनंती. चूलपंथकाला चार महिन्यांत एक गाथा पाठ होईना, तेव्हा सख्ख्या भावाने त्याला घरी जायला सांगितले. बुद्धांनी हातात एक शुभ्र फडके दिले आणि तेच कुरवाळत बसायला सांगितले. त्याला आजचे निदान चिकटवणे हा इतिहासावर अन्याय होईल. पण ज्याला पाठांतर साधत नाही त्याच्या हातात वस्तू द्यावी, एवढे त्या गुरूला कळले होते.

माझा आराखडा एका पोस्टकार्डाएवढा आहे. पैशांची कामे एकाच टेबलावर, दर महिन्याच्या ५ तारखेला. लक्षात ठेवण्याचे काम गजराचे, माझे नव्हे. मोठ्या कामाचा फक्त पहिला तुकडा लिहायचा. ‘लेख लिहिणे’ नव्हे, ‘कागद काढून टेबलावर ठेवणे’. आणि दर पंधरा दिवसांनी हे कार्ड पत्नीला वाचून दाखवायचे, तिने चुका सांगायच्या, मी वाद घालायचा नाही.

पहिली तीन कलमे बरी चालली आहेत. चौथे दोनदा मोडले. पुढचे वाचन पौर्णिमेला आहे. गजर तिनेच लावला आहे.