टळलेली शिकार, न टळलेली साथ

आमच्या घरात दोन दौऱ्यांची गोष्ट सांगितली जायची. एक साहेबाचा दौरा आणि दुसरा हैज्याचा. हैजा म्हणजे पटकी, आजच्या भाषेत कॉलरा.

माझे आजोबा, आम्ही त्यांना दादामियाँ म्हणायचो, बालाघाटच्या डोंगरातल्या एका लहानशा गावात वाढले. बीड जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. थंडी पडली की अंमलदार मंडळी शिकारीसाठी डोंगरात उतरायची. पाटलाकडं आधी निरोप यायचा आणि गावातल्या तरण्या पोरांची नावं हाक्याला लावली जायची. हाका घालायचा म्हणजे ढोल बडवत, डबे वाजवत, ओरडत रान उठवायचं आणि जनावर मचाणाच्या दिशेनं रेटायचं. त्याला मजुरी ठरलेली नसे. ती वेठच होती. कोंबड्या, दूध, सरपण, वैरण, सगळं गावानंच द्यायचं.

एका हिवाळ्यात असाच एक साहेब येणार होता. ओढ्याच्या काठी तंबू ठोकले गेले. आजूबाजूच्या चार गावांची माणसं तिथं गोळा झाली. माणसं, बैल, घोडे, सगळ्यांचं पाणी त्या एका ओढ्याचं. तेवढ्यात शेजारच्या गावात पटकी लागल्याची खबर आली. दुसऱ्या दिवशी घोडेस्वार निरोप घेऊन आला : साहेब इकडं येत नाहीत, दुसरीकडं जातील. तंबू मात्र हुकूम येईपर्यंत राखायचे. राखणीला बसलेल्या पोरांमध्ये दादामियाँचे थोरले भाऊ होते. चार दिवसांत ते गेले. त्यांच्यामागे गावात आणखी बरेच गेले. दादामियाँ ही गोष्ट सांगताना शेवटी एकच वाक्य म्हणायचे, "साब का दौरा टल गया, हैजे का नई टला."

मी कविता लिहिणारा माणूस. बी.ए.ला इतिहास विषय होता, तेवढाच माझा इतिहासाशी संबंध. पण पुढं जुनी पुस्तकं चाळताना ध्यानात आलं, की आमच्या ओढ्याकाठी जे घडलं ते फार मोठ्या पातळीवरही घडून गेलं होतं. तिथं साहेबाच्या जागी खुद्द इंग्लंडचा युवराज होता.

हा युवराज म्हणजे राणी व्हिक्टोरियाचा मुलगा आल्बर्ट एडवर्ड, पुढं जो सातवा एडवर्ड म्हणून गादीवर आला. १८७५ च्या ऑक्टोबरात तो लंडनहून निघाला आणि ८ नोव्हेंबरला 'सेरापिस' या जहाजानं मुंबईला उतरला. दुसऱ्याच दिवशी त्याचा चौतिसावा वाढदिवस मुंबईत थाटामाटात झाला. त्याच्या खर्चासाठी ब्रिटिश पार्लमेंटनं ६० हजार पौंड मंजूर केले होते. दरबार, भेटी, नजराणे हे सगळं होतंच, पण युवराजाचं मन होतं शिकारीत. बरोबर मारलेली जनावरं पेंढा भरून नीट करणारा माणूस होता. 'टाइम्स'चा नामांकित वार्ताहर विल्यम रसेल होता. आणि डॉक्टर होता जोसेफ फेरर. या फेररचा विषय सापाचं विष. पण तो स्वतः वाघाचा शिकारीही होता आणि बंगालच्या वाघावरचं त्याचं पुस्तक त्याच वर्षी, १८७५ ला निघालं होतं. म्हणजे शिकार कुठं करावी आणि साथीपासून कुठं दूर राहावं, हे दोन्ही सांगणारा माणूस एकच.

बेत असा होता, की मुंबईहून समुद्रमार्गे मलबारच्या किनाऱ्याला जायचं, तिथून अण्णामलाईच्या डोंगरात शिकार करायची आणि म्हैसूरकडं वळायचं. पण त्या बाजूला पटकी पसरल्याच्या बातम्या आल्या. बेत बदलला. दक्षिणेतली शिकार सोडून युवराज बडोद्याला गेला.

बडोद्याला तेव्हा कोण होतं? मल्हारराव गायकवाडांना इंग्रजांनी त्याच वर्षी एप्रिलमध्ये पदच्युत केलं होतं. नाशिककडच्या कवळाणे गावातला एका शेतकरी घरातला मुलगा मे महिन्यात दत्तक येऊन गादीवर बसला होता. तेच पुढचे महाराज सयाजीराव. वय वर्षं बारा. गाव सोडून सहा महिने झाले नाहीत तोच या मुलाला इंग्लंडच्या युवराजाचं स्वागत करावं लागलं. बडोद्यात हत्तींच्या झुंजी झाल्या, माळावर चित्ते सोडून काळविटांची शिकार झाली. तिथून युवराज पुन्हा मुंबईला आला, जहाजात बसून गोव्यावरून सिलोनला गेला आणि तिथं हत्तींची शिकार केली. पहिला वाघ त्याला जयपूरला मिळाला, १८७६ च्या फेब्रुवारीत. त्यानंतर नेपाळच्या तराईत जंगबहादूर राणांच्या पाहुणचारात वाघांची मोठी शिकार झाली. मार्चमध्ये स्वारी मुंबईहून परत निघाली. साथीमुळं त्याच्या हातचं काय गेलं? एक डोंगर गेला. त्याच्या बदल्यात दुसरे चार रानमुलूख मिळाले.

आपल्या भागाचा या दौऱ्याशी एक वेगळा संबंध आहे. निजाम मीर महबूब अली खान तेव्हा नऊ वर्षांचे होते. त्यांनी मुंबईला येऊन युवराजाला सामोरं जावं, असा इंग्रजांचा आग्रह होता. हैदराबादहून उत्तर गेलं, की प्रकृती बरी नाही, प्रवास झेपणार नाही. दिवाण सालारजंग त्यांच्याऐवजी मुंबईला गेले. इंग्रजांना ते रुचलं नाही, पण निभावलं. मोठ्यांच्या बाबतीत आजारपण हे न जाण्याचं कारण होऊ शकतं. पाटलानं हाक्याला नाव लावलेल्या पोराला तसं कारण सांगता येत नव्हतं.

आणि तेव्हा इकडची रयत कशी होती? युवराज पुण्याला जाऊन आला, त्याच्या सहाच महिने आधी, १२ मे १८७५ रोजी, पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि खतं जाळली होती. हे दंगे आपल्या शेजारच्या नगर जिल्ह्यातही झाले. युवराज परत गेला आणि त्याच वर्षी, १८७६ ला पाऊस हुकला. दख्खनचा तो मोठा दुष्काळ १८७८ पर्यंत चालला. भुकेल्या माणसांच्या मागं पटकी लागलेलीच होती.

दुसरा प्रसंग तीस वर्षांनंतरचा. याच एडवर्डचा मुलगा जॉर्ज, पुढचा पाचवा जॉर्ज, १९०५ च्या नोव्हेंबरात मुंबईला उतरला. वडिलांप्रमाणं त्यालाही नेपाळच्या तराईत शिकार करायची होती. तराईतल्या शिकारीचं वेळापत्रकच आजाराला चुकवून आखलेलं असे. उन्हाळा-पावसाळ्यात तिथला हिवताप माणूस जगू देत नसे, म्हणून शिकार फक्त थंडीत. पण १९०६ च्या सुरुवातीला शिकारीच्या त्या मुलखात पटकी निघाली आणि बेत रद्द झाला. मग जॉर्ज कुठं गेला? ग्वाल्हेरला. माधवराव शिंदे स्वतः वाघाच्या शिकारीचे शौकीन. त्यांनी पाहुण्याची सोय केली. पहिल्या वेळी गायकवाड, दुसऱ्या वेळी शिंदे. पटकीनं दोन्ही वेळा इंग्लंडच्या युवराजाला मराठी सरदारांच्या दारात आणून सोडलं.

नेपाळची राहिलेली शिकार जॉर्जनं पुढं भरून काढली. १९११ ला दिल्ली दरबार आटोपून तो बादशहा म्हणून तराईत गेला. दहा दिवसांत त्या शिकारीत ३९ वाघ आणि १८ गेंडे मारले गेले. साथीनं त्या रानाला पाच वर्षांची सवलत दिली होती, एवढंच म्हणायचं.

इथं एक गोष्ट स्पष्ट सांगतो. साथ असेल तिथं जाऊ नये, यात काही चूक नाही. ते शहाणपणच आहे. लंडनच्या डॉ. जॉन स्नो यांनी १८५४ लाच दाखवलं होतं, की पटकी घाण पाण्यातून पसरते. हिंदुस्थानातले बरेच सरकारी डॉक्टर मात्र हवेला आणि मातीला दोष देत राहिले. १८८४ ला रॉबर्ट कॉख यांना कलकत्त्यात एका तळ्याच्या पाण्यात पटकीचा जंतू सापडला, त्यानंतरही हा वाद लगेच मिटला नाही. हे ध्यानात घेतलं, की शिकारीची छावणी काय चीज होती ते कळतं. शेकडो माणसं, जनावरं, नोकरचाकर एका पाण्यावर आणायचे. साथीला याहून सोयीची जागा कोणती? छावणी साहेबासाठी उभी राहायची आणि साहेब वाट बदलून गेला तरी छावणीतल्या माणसांना तिथंच राहावं लागायचं.

त्यांच्याजवळ वाट बदलण्याचा एकच उपाय होता, तो म्हणजे मरीआईचा गाडा. गावात पटकी शिरली की मरीआईची पूजा बांधायची, गाडा ओढत शिवेपर्यंत न्यायचा आणि पलीकडं सोडून यायचा. पलीकडचं गाव तो आणखी पुढं ढकलायचं. आपल्याला रोगापासून दूर जाता येत नाही, तर रोगालाच दूर जायला सांगायचं. आमच्या गावात या गाड्याला हिंदू-मुसलमान दोघांचे हात लागायचे, असं आजी सांगायची.

ज्या मुंबई बंदरातून युवराजाचं जहाज मोकळेपणानं गोव्याकडं वळलं, त्याच बंदरात १८९७ ला हाजींची वाट अडली. मुंबईत प्लेग पेटला होता. साथ जहाजांतून पुढं जाईल या भीतीनं युरोपातल्या सरकारांनी तगादा लावला आणि इथल्या सरकारनं मुंबईहून हजला जाणारी जहाजं थांबवली. कारण खरं होतं, नाकारता येणार नाही. पण आयुष्यभर पै-पै जमवून निघालेल्या माणसाला बडोदाही नव्हतं आणि ग्वाल्हेरही नव्हतं. त्यानं फक्त गाठोडं सोडायचं.

आता २०२० कडं येतो. कोरोना आला आणि जगभरची विमानं थांबली. आफ्रिकेत दक्षिण आफ्रिका, नामिबिया या देशांमध्ये परवाना काढून शिकार करायला युरोप-अमेरिकेतून पैसेवाले लोक जातात. त्यांचा हंगाम नेमका त्याच सुमाराला सुरू होतो. त्या वर्षी त्यांचे बेत कोलमडले. बऱ्याच जणांनी तारखा पुढच्या वर्षावर ढकलल्या. पण नामिबियात गावकऱ्यांनी मिळून सांभाळलेली ८६ राखीव क्षेत्रं होती. त्यांतल्या अनेक ठिकाणी रानाच्या राखणदारांचा पगार शिकारीच्या आणि पर्यटनाच्या पैशातून निघायचा. मारलेल्या जनावराचं मांस गावात वाटलं जायचं. शिकार करावी की नाही, हा प्रश्न वेगळा. आपल्याकडं १९७२ च्या कायद्यानं तो मिटवला, आणि बरं केलं. पण तिकडं माग काढणाऱ्या, राखण करणाऱ्या माणसाला आपली भूक पुढच्या वर्षावर ढकलता येत नव्हती.

आणि आपल्या जिल्ह्यात? २५ मार्च २०२० ला देश बंद झाला तेव्हा आपले ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्रात फडावर होते. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल घेतलेली, मुकादमाशी बोली झालेली. बाहेर सगळं बंद आणि फडात तोड चालू. काही कारखान्यांचा पट्टा पडला, तरी घरी यायला वाट नव्हती. माझ्या गावाकडची एक बाई सांगली भागातून फोनवर मला म्हणाली, "भाईजान, सगळ्यांला घरात बसा म्हणत्यात. आमचं घर तर तिकडं गावाला हाय. कोपीत बसू का?" मला काही उत्तर देता आलं नाही. १७ एप्रिलला सरकारनं तपासणी करून त्यांना परत आणायचा निर्णय घेतला. तेव्हा कारखान्यांवर अडकलेल्यांचा आकडा सव्वा लाखाच्या वर होता. त्यांत बीडची माणसं फार मोठ्या संख्येनं होती. ती परतली तर काही गावांनी रस्त्यावर काट्या आणि दगड टाकून ठेवले होते. मरीआईचा गाडा शिवेबाहेर लोटणारी गावं आता आपल्याच माणसांना शिवेवर थांबवत होती.

मला म्हणायचंय ते एवढंच. युवराजाची कोणती शिकार कधी हुकली आणि त्याऐवजी तो कुठं गेला, हे रसेल आणि फेरर यांनी लिहून ठेवलं. दीडशे वर्षांनी बीडमधला एक माणूस ते वाचू शकतो. माझ्या चुलत आजोबांचं मात्र साल कुणी लिहिलं नाही. घरात एक वाक्य उरलं, म्हणून मला ते माहीत झालं.

तेव्हा मंडळी, एक विनंती. तुमच्या गावात, तुमच्या गल्लीत २०२० ला फडावरून परत आलेली माणसं आहेत. कोणत्या तारखेला निघाला, कुठं अडवलं, काय खाल्लं, सोबत कोण होतं, कोण राहिलं, हे त्यांना विचारा. शाळेतल्या पोरांना वही घेऊन बसवा. माणसांना अजून सगळं आठवतंय. माझ्या गावातल्या बाईनं तारीख सांगितली, कोपी कुठं होती ते सांगितलं, वाटेत कुणी भाकरी दिली तेही सांगितलं. मी ते लिहून ठेवलं आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)